सर, तुम्ही आधी वही मागितलीत

आदरणीय सर,

सा. न. वि. वि.

कालच व्हायव्हा झाली. घरी फोन झाले, पेढे वाटून झाले, तुमचे आभार तेवढे राहिलेत.

तुम्हाला कदाचित आठवणारही नाही. वाळूज एमआयडीसीतून आमच्या कॉलेजात व्याख्यानाला आला होतात आणि ते संपल्यावर चहाला न जाता इन्स्ट्रुमेंट रूममध्ये डोकावलात. मी एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या मशीनवर, पॅरासिटामॉल-कॅफिनच्या गोळीचा रन लावून बसले होते. त्यात प्रत्येक घटकाचा आलेखावर एक उंचवटा येतो, तोच पीक. कॅफिनचा पीक सुबक. त्याच्या आधी येणारा पॅरासिटामॉलचा मात्र माथ्यावर बैलाच्या शिंगांसारखा दुभंगलेला.

तोवर सगळ्यांची मतं घेऊन झाली होती. सर्व्हिस इंजिनिअरने स्क्रीनकडे नजर टाकून "कॉलम गेला" (घटक वेगळे करणारी मशीनमधली नळी) म्हणून सांगितलं आणि व्हिजिटचं बिल फाडलं. एक वरिष्ठ माझ्यादेखत दुसऱ्यांना म्हणाले, "या मुलींना मोबाइल फेजसुद्धा धड गाळता येत नाही." मोबाइल फेज म्हणजे नमुन्याला कॉलममधून वाहून नेणारं द्रावण; त्यातला बफर 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरमधून मीच रोज गाळत होते. आणि गाळण्याचा एकच पीक दुभंगण्याशी काय संबंध, हे त्यांना विचारायची सोय नव्हती. नवा सी-18 कॉलम कुठल्या पैशांतून आणायचा, यावर कुणी बोलायला तयार नव्हतं.

तुम्ही मशीनला हातही लावला नाहीत. स्टूल ओढून बसलात आणि म्हणालात, "वही बघू."

माझी रफ वही! ती तोवर कुणी उघडूनसुद्धा पाहिली नव्हती. तुम्ही एकेक पान उलटत गेलात, मग खिशातलं पेन काढून समासातल्या एका ओळीखाली रेघ मारलीत. मी पेन्सिलीने खरडलं होतं : '20 ऐवजी 5 मायक्रोलिटर इंजेक्ट केलं, पीक जवळजवळ एक झाला.'

"हे तू पाहिलंस ना? मग उत्तर तुझ्याकडेच आहे. स्टँडर्ड कशात विरघळवलंय?"

स्टँडर्ड, म्हणजे तुलनेसाठीचं औषधाचं द्रावण, होतं शुद्ध मिथेनॉलमध्ये. विभागाच्या छापील पद्धतीत तसंच होतं. मोबाइल फेज मात्र 80 टक्के बफर, म्हणजे बहुतेक पाणीच. मिथेनॉलचा तो घोट पाण्यात मिसळेपर्यंत पॅरासिटामॉलचा काही भाग पुढे पळवतो, उरलेला मागे कॉलमला धरून राहतो; लवकर बाहेर येणाऱ्या पीकला याचा फटका जास्त. कॉलम गेला असता तर कॅफिनचा पीकही फाटला असता, हे तुम्ही वहीच्या कोपऱ्यात आकृती काढून दाखवलंत. स्टँडर्ड आणि नमुना मोबाइल फेजमध्येच तयार केला आणि प्रश्न मिटला. कॉलम तोच, आणि टेलिंगही, म्हणजे पीकची मागे ओढलेली शेपटी मोजणारा आकडा, 2 च्या पुष्कळ खाली.

सर, डायल्यूएंट, म्हणजे विरघळवायचं द्रावण, बदलायचं आज ना उद्या कुणीतरी सांगितलं असतं. पण ती रेघ! त्याआधीचे कित्येक आठवडे मला वाटत होतं की मला दिसतं ते खरं नसतंच. क्यूसीत, म्हणजे कंपनीच्या गुणवत्ता तपासणी विभागात, आकडा बसवून द्यायचा दबाव किती असतो, हे नोकरीला लागलेल्या मैत्रिणींकडून ऐकते. त्या गर्दीत इतकी वर्षं काढूनही एका अनोळखी विद्यार्थिनीची खरडलेली नोंद तुम्ही पुराव्यासारखी वाचलीत. अशी माणसं प्रत्येक लॅबमध्ये एखाददुसरी तरी असतात म्हणून तिथल्या रिपोर्टवर विश्वास ठेवावासा वाटतो. पदाची पाटी कुणाच्या का दारावर असेना.

छापील पद्धतीतली ती ओळ आता बदलली आहे, बरं का. त्या वरिष्ठांनीच सही केली, चेहरा पाहण्यासारखा होता.

प्रबंधाची एक प्रत तुमच्यासाठी बांधून घेतली आहे. दिवाळीआधी वाळूजला येऊन देते. आभाराच्या पानावर तुमचं नाव घातलंय. रागावलात तरी आता छापून झालंय.

आपली नम्र,
एम.फार्म.ची पेन्सिलवाली विद्यार्थिनी