टीव्हीचा आवाज कुठे जातो आहे, हे पडद्यावर दिसायला हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

टीव्हीवर चित्र स्वच्छ दिसते, पण आवाज मात्र अजिबात येत नाही, ही तक्रार मी टीव्ही दुरुस्तीच्या व्यवसायात असल्यामुळे माझ्याकडे वरचेवर येते. बहुतेक जण संच बिघडला असे गृहीत धरूनच बोलायला सुरुवात करतात आणि काही जणांनी तर नवा संच घेण्याची मनाची तयारीही केलेली असते. प्रत्यक्षात अशा कितीतरी वेळा मला संचाचा एक स्क्रूसुद्धा काढावा लागत नाही, कारण आवाज व्यवस्थित तयार होत असतो. फक्त तो टीव्हीच्या स्पीकरऐवजी दुसरीकडे पाठवला जात असतो किंवा वाटेत कुठेतरी अडलेला असतो. घरच्या घरी काय तपासता येते आणि संच बनवणाऱ्या कंपन्यांनी या बाबतीत कोणती सुधारणा तातडीने करायला हवी, याकडे आपल्या दैनिकाद्वारे लक्ष वेधावे, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

जुन्या संचांमध्ये आवाजाला जायला एकच वाट होती. अँटेना किंवा केबलमधून आलेला संकेत संचात शिरत असे आणि आवाज समोरच्या स्पीकरमधून बाहेर पडत असे, त्यामुळे आवाज बंद झाला की दोष त्या एका वाटेवरच शोधायचा असे. आजच्या संचात आवाज बाहेर पडण्याच्या वाटा चार-पाच असतात: संचाचे स्वतःचे स्पीकर, हेडफोनचे छिद्र, ऑप्टिकल केबल (आवाज प्रकाशाच्या रूपात नेणारी), चित्र आणि आवाज एकत्र नेणाऱ्या एचडीएमआय केबलमधून साउंडबारकडे, म्हणजे टीव्हीजवळ ठेवायच्या लांबट जादा स्पीकरकडे, जाणारी वाट आणि ब्लूटूथ. यांपैकी कोणती वाट सध्या निवडलेली आहे, हे संचाला ठाऊक असते, पण समोर बसलेल्या माणसाला ते सहजासहजी कळत नाही, आणि माझ्या मते सगळ्या गोंधळाचे मूळ इथेच आहे.

तपासणीची सुरुवात अर्थातच म्यूटच्या बटणापासून आणि आवाजाच्या पातळीपासून करावी. त्यात एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे सेट टॉप बॉक्सचा आवाज आणि टीव्हीचा आवाज या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत आणि दोन्हींना आपापले म्यूट असते. टीव्हीचा आवाज पूर्ण वाढवूनही काही ऐकू येत नसेल, तर बॉक्सचा रिमोट हातात घेऊन त्याचाही आवाज वाढवून पाहावा. त्यानंतर एक वाहिनी बदलून पाहावी, मग बॉक्स सोडून टीव्हीतले एखादे अ‍ॅप किंवा पेन ड्राइव्हवरचे गाणे लावून पाहावे. एकाच वाहिनीवर आवाज नसेल तर दोष प्रक्षेपणात किंवा त्या वाहिनीसाठी निवडलेल्या भाषेच्या ट्रॅकमध्ये असतो. फक्त बॉक्सवर आवाज नसेल तर बॉक्स किंवा त्याची केबल तपासायची. आणि कशावरच आवाज नसेल तरच संचाकडे वळायचे. बऱ्याच नव्या संचांमध्ये सेटिंग्जमधल्या सहाय्य किंवा स्वयंतपासणीच्या विभागात ध्वनिचाचणीची सोय असते. ती चालवल्यावर संचातली धून ऐकू आली, तर संचाचे स्पीकर ठीक आहेत हे तिथल्या तिथे सिद्ध होते आणि पुढचा शोध निम्म्याने कमी होतो.

यानंतर पाहायची आणि माझ्या अनुभवात सर्वाधिक वेळा दोषी ठरणारी जागा म्हणजे सेटिंग्जमधील ध्वनीच्या विभागातली आवाज कुठून बाहेर पडावा ही निवड. तिथे टीव्हीचा स्पीकर निवडलेला नसून ऑप्टिकल, बाह्य ध्वनिसंच किंवा ब्लूटूथ निवडलेले असेल, तर टीव्ही शांत राहणारच. ही निवड दर वेळी कुणी मुद्दाम केलेली असते असेही नाही. साउंडबार एकदा जोडला की संच आपण होऊन आवाज तिकडे वळवतो, आणि पुढे तो साउंडबार बंद ठेवला किंवा काढून नेला तरी काही संच आपल्या स्पीकरकडे परत येत नाहीत.

याचा त्रास किती खोल जाऊ शकतो, हे मी माझ्या परिचयातील एका दृष्टिहीन शिक्षिकाबाईंच्या घरी पाहिले आहे. त्या एकट्या राहतात आणि बातम्या, मालिका, संगीत असे सारे टीव्हीवर ऐकतात. दुपारी त्यांचा भाचा येऊन ब्लूटूथ हेडफोन लावून सामना पाहून गेला, आणि निघताना तो हेडफोन चालू स्थितीतच टीव्हीमागच्या कप्प्यात विसरला. संध्याकाळी बाईंनी टीव्ही लावला तेव्हा आवाज आला नाही. संच चालू आहे की बंद, हेसुद्धा त्यांना कळेना, तेव्हा त्यांनी संचाच्या मागच्या बाजूला तळहात ठेवून तो गरम होतो आहे का, हे चाचपून पाहिले. दृष्टिहीनांसाठी मेनू वाचून दाखवणारी सोय त्यांच्या संचात होती आणि त्यांना ती उत्तम वापरता येत होती. पण त्या सोयीचा आवाजही त्याच वाटेने, म्हणजे कप्प्यातल्या हेडफोनमध्ये जात होता. ज्या सेटिंगमुळे टीव्ही मुका झाला, ते बदलण्यासाठी लागणारे मार्गदर्शनही त्याच सेटिंगने मुके करून टाकले होते. डोळस माणूस निदान मेनू धुंडाळू शकतो. बाईंना मात्र कुणीतरी घरी येईपर्यंत थांबण्यावाचून गत्यंतर नव्हते. ही आखणीतली गंभीर त्रुटी आहे, असे मी पूर्ण जबाबदारीने म्हणतो.

हेडफोनच्या छिद्राकडेही थोडे बारकाईने पाहायला हवे. अनेक संचांत या ३.५ मिलिमीटरच्या छिद्रात एक लहानशी लवचीक धातूची पट्टी असते. पिन आत गेली की ती पट्टी बाजूला सरते, हेडफोन जोडल्याची सूचना संचाला मिळते आणि स्पीकर बंद होतात. पिन काढल्यावर ती जागेवर आली नाही, किंवा छिद्रात धूळ साचली, गंज चढला वा तुटलेल्या पिनेचे टोक अडकून राहिले, तर हेडफोन नसतानाही तो जोडलेलाच आहे असे संच समजतो. अशा वेळी एखादी चांगली पिन हलक्या हाताने चार-सहा वेळा आतबाहेर केली की पट्टी पुष्कळदा मोकळी होते. सुई किंवा तार घालून टोकरणे मात्र टाळावे, कारण त्याने पट्टी कायमची वाकते.

साउंडबार जोडलेला असेल, तर एचडीएमआयची केबल नेमक्या कोणत्या छिद्रात बसवली आहे, हे पाहणे अत्यावश्यक ठरते. टीव्हीकडून साउंडबारकडे उलट दिशेने आवाज नेणारी एआरसी ही सोय एचडीएमआयच्या १.४ या आवृत्तीत, २००९ साली आली, आणि ती संचाच्या सर्व छिद्रांवर नसून साधारणपणे एकाच छिद्रावर दिलेली असते. त्या छिद्राशेजारी तशी अक्षरे छापलेली असतात. केबल शेजारच्या छिद्रात गेली की साउंडबारला आवाज मिळत नाही. केबल अगदी जुनी असेल तर तीही बदलून पाहावी, कारण एचडीएमआयच्या १९ पिनांपैकी एआरसीसाठी लागणारी १४ क्रमांकाची पिन पूर्वी राखीव होती आणि काही जुन्या केबलींत तिची तार जोडलेलीच नसते. ऑप्टिकल केबलच्या बाबतीत तर नव्या केबलच्या टोकावरची पारदर्शक टोपी न काढताच ती बसवलेली मी पाहिली आहे. ती टोपी काढून केबलचे एक टोक टीव्हीला लावले आणि दुसऱ्या टोकावर लाल प्रकाश दिसला, तर टीव्ही आपले काम करतो आहे आणि पुढचा शोध साउंडबारमध्ये घ्यायचा, असे समजावे. संगणक जोडला असेल तर आवाजाचे साधन म्हणून टीव्ही निवडण्याचे काम संगणकाच्या सेटिंगमध्ये करावे लागते.

एखाद्याच चित्रपटाला किंवा पेन ड्राइव्हवरील एखाद्याच फाइलला आवाज नसेल, तर प्रश्न वेगळा असतो. डिजिटल आवाज निरनिराळ्या पद्धतींनी साठवलेला असतो आणि प्रत्येक संचाला त्या सगळ्या उलगडता येतातच असे नाही. डीटीएस पद्धतीचा आवाज काही संच वाजवत नाहीत, चित्र मात्र बिनतक्रार दाखवतात. त्याच फाइलमध्ये आवाजाचा दुसरा ट्रॅक असल्यास तो निवडावा. बॉक्स, प्लेअर किंवा साउंडबारच्या बाबतीत अशी शंका आली तर डिजिटल आवाजाची निवड पीसीएमवर ठेवून पाहावी. पीसीएम हा आवाजाचा, साधारणपणे डाव्या-उजव्या अशा दोन ध्वनिमार्गांचा, साधा प्रकार बहुतेक सर्व उपकरणांना समजतो.

एवढे करूनही शांतताच असेल, तर टीव्ही, बॉक्स आणि साउंडबार या तिन्हींच्या पिना भिंतीतून काढाव्यात, संचावरचे चालू-बंदचे बटण काही सेकंद दाबून धरावे आणि दोन मिनिटांनी सारे पुन्हा चालू करावे. रिमोटने बंद केलेला संच खऱ्या अर्थाने बंद होत नाही, तो अर्धवट जागाच असतो. वीज पूर्ण तोडल्यावरच त्याचा प्रोसेसर नव्याने सुरू होतो आणि एचडीएमआयने जोडलेली उपकरणे एकमेकांची ओळख पुन्हा करून घेतात. संचाचे सॉफ्टवेअर अद्ययावत करणेही उपयोगी पडते. सर्व सेटिंग्ज पुसून संच कारखान्यातून आल्यासारखा करण्याचा उपाय मात्र अगदी शेवटी करावा, कारण त्यात वाहिन्यांची यादी, वायफायचा पासवर्ड आणि अ‍ॅपमधली खाती सगळेच जाते. मदतवाहिनीवर पुष्कळदा हाच उपाय पहिल्या दोन वाक्यांत सुचवला जातो, याचे मला वाईट वाटते. आवाज कुठे पाठवला आहे, हा साधा प्रश्न त्याआधी विचारायला किती वेळ लागतो?

खरा बिघाड ओळखण्याच्या खुणाही आहेत. ध्वनिचाचणीतही आवाज न येणे, आवाज फाटका किंवा खरखरता येणे, एकाच बाजूने येणे (याआधी डाव्या-उजव्या आवाजाच्या बॅलन्सची सेटिंग पाहून घ्यावी), किंवा संच तापल्यानंतरच आवाज सुरू होणे, यांतले काही आढळले तर स्पीकर, त्याची जोडणी, आवाज वाढवणारी चिप किंवा वीजपुरवठ्यातला एखादा कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) खराब झालेला असू शकतो. असा संच घरी उघडू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. २३० व्होल्टच्या विजेवर चालणाऱ्या संचाच्या वीजपुरवठ्यातील मोठ्या कपॅसिटरमध्ये पिन काढल्यानंतरही काही काळ ३०० व्होल्टहून अधिक दाब राहू शकतो, आणि तो जीवघेणा असतो. तंत्रज्ञाला बोलावताना संचाचा मॉडेल क्रमांक, कोणकोणत्या स्रोतांवर आवाज नाही आणि ध्वनिचाचणीत काय झाले, एवढे सांगितले तरी त्याला योग्य सुटे भाग घेऊन येता येते आणि एक फेरी वाचते.

आता कंपन्यांकडून असलेल्या अपेक्षेविषयी. आवाजाचे बटण दाबल्यावर पडद्यावर जी पट्टी उमटते, तिच्यावरच आवाज सध्या कुठे जात आहे, हे ठळक अक्षरांत आणि वापरणाऱ्याने निवडलेल्या भाषेत लिहिलेले असावे. काही संच तिथे बारीकसे चिन्ह दाखवतात, पण चार हातांवर बसलेल्या वयस्कर माणसाला ते दिसत नाही आणि दिसले तरी त्याचा अर्थ लागत नाही. निवडलेले उपकरण प्रतिसाद देत नसेल, तर संचाने काही सेकंदांत आपल्या स्पीकरवर परत यावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दृष्टिहीनांसाठी मेनू वाचून दाखवणारा आवाज, बाकीचा आवाज कुठेही वळवलेला असला तरी, संचाच्या स्पीकरवरूनही ऐकू यावा, किंवा रिमोटवरचे एक ठरावीक बटण दाबून धरताच सर्व आवाज टीव्हीच्या स्पीकरवर परत यावा. यासाठी संचात नवा सुटा भाग बसवावा लागत नाही. हे काम संचातल्या सॉफ्टवेअरचे आहे, आणि इंटरनेटला जोडलेल्या संचांना ते अद्ययावत करण्याची सोय कंपन्यांच्या हाती आधीपासूनच आहे.

ग्राहक संघटनांनी आणि दृष्टिहीनांच्या संस्थांनी ही मागणी कंपन्यांकडे लेखी स्वरूपात लावून धरावी, आणि आपल्या दैनिकानेही ग्राहकविषयक पानावर तिला जागा द्यावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक टीव्ही तंत्रज्ञ आणि आपला नियमित वाचक