खरीप अन् खुरापत एकाच घरचे

मा. संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरात सध्या रोज खरिपाच्या बातम्या येऊन राहिल्या, बियाणं, खत, पीककर्ज, पण खरीप हा शब्द आला कुठून ते काही कोणी लिहत नाही. आमच्या पारावर त्याच्यावरून जुंपली ना राजेहो! एक जण म्हणे खर म्हणजे कडक, तिथून खरीप. दुसरा म्हणे खर म्हणजे गाढव, कर्ज काढून पेरणारे आपण, मंग तेच बरोबर. हसलो सगळे, पण दोन्ही चूक. गावातल्या एका अरबी शिकलेल्या पोरानं मोबाईलवर डिक्शनरीच उघडून दाखवली.

शब्द अरबी, मूळ आहे ख-र-फ, म्हणजे झाडाची फळं तोडणं. फळं तोडायचा मोसम तो खरीफ, आपला शरद. आता आपल्याले खरीप म्हटलं की मिरगाची पेरणी दिसते, पण नाव पडलं माल घरी यायच्या टाइमावरून, सोयाबीन सोंगून होते अन् पऱ्हाटी फुटते तेव्हाचं. रब्बीचंही तसंच, रबी म्हणजे वसंत. ओमानमधे सलालाहकडे मात्र जून ते सप्टेंबरच्या पावसालेच खरीफ म्हणतात, अन् तो पाऊस बी आपल्याच नैऋत्य मोसमी वाऱ्याचा.

खरी मजा पुढं आहे. त्याच मुळातून खरूफ, म्हणजे कोकरू. खरफ म्हणजे म्हातारपणी डोकं फिरणं, आपली साठी बुद्धी नाठी (माझं वय 67, घरचे लय हसले). अन् खुराफा नावाचा एक माणूस होता म्हणतात, उध्रा जमातीचा, त्याले जिन्नांनी उचलून नेलं, वापस आल्यावर तो तिकडच्या गोष्टी सांगे अन् कोणी खरं मानेना, तेव्हापासून असल्या थापेले, अंधश्रद्धेले खुराफाच म्हणतात, अनेकवचन खुराफात. उर्दू-हिंदीतून येता येता आपल्याकडे झाली खुरापत! म्हणजे मी वावरात करतो ते अन् माझा नातू घरात दिवसभर करते ते, एकाच मुळाचं.

साहेब, शेतीच्या पानावर आठवड्यातून असा एक शब्द छापा. महसूल, तहसील, हशील घ्या, तिन्ही ह-स-ल चे. पारावर एक जण वसूलही त्याच्यातच घुसडते, त्याचं मूळ वेगळं हे मी सांगून थकलो, पेपरात आलं तरच मानन तो.

तुमचा एक वाचक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ