वाफ्यात आपोआप उगवलेले रोप ओळखताना

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

वळीव पडून गेला की कुंपणालगतच्या वाफ्यांत आपण न लावलेली रोपे डोके वर काढू लागतात. त्यांतला टाकळा, आघाडा किंवा तेरडा जुनी माणसे पान पाहताच सांगतात. गफलत होते ती बारीक कातरलेल्या पानांच्या रोपाबाबत. यंदा आमच्या गल्लीत अशाच एका रोपाला कोणी शेवंती म्हणाले, कोणी कॉसमॉस. आणि चैत्र यात्रेहून आणलेला जोतिबाचा दवणा सुकल्यावर याच वाफ्यात टाकला होता, तेव्हा त्याचेच बी रुजले असणार, असे मानून एका घराने त्याला रोज पाणीही घातले. निघाले ते गाजर गवत.

या गवताचे कोवळे रोप जमिनीलगत चकतीसारखे पसरते, पानांवर बारीक लव असते आणि पुढे मधून वर येणाऱ्या दांड्यावर उभ्या खाचा दिसतात. कॉसमॉसची पाने समोरासमोर जोडीने येतात, याची मात्र एकाआड एक. शेवंती सहसा मुळाशी फुटलेल्या काश्यांपासून वाढते, त्यामुळे ती आपोआप उगवल्याची शंका आधीच कमी धरावी. दवण्याची खूण त्याचा वास. पण तो पाहण्यासाठी अनोळखी पान उघड्या हाताने चुरडू नये, कारण गाजर गवताच्या स्पर्शाने अनेकांच्या त्वचेला खाज सुटते व पुरळ उठते.

‘फूल येईपर्यंत थांबा’ हा जाणकारांचा सल्ला एरवी रास्त असला, तरी पुण्यात १९५५च्या सुमारास नजरेत भरलेले आणि पुढे देशभर पसरलेले हे अमेरिकन तण त्याला अपवाद आहे. एकेक झाड हजारो बिया टाकते. तेव्हा पांढऱ्या, चार-पाच मिलिमीटरच्या फुलांच्या कळ्या दिसताच हातमोजे घालून ते मुळासकट उपटणेच बरे. मोबाइलवरील ॲप कोवळ्या रोपाच्या एका छायाचित्रावरून जे नाव सुचवते, त्यावर विसंबून हा निर्णय लांबवू नये, असे माझे मत आहे.

आपल्या दैनिकात फुलांची छायाचित्रे नेहमीच येतात, रोपांची क्वचितच. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातील अभ्यासकांच्या मदतीने पावसाळ्यात दर आठवड्याला एका स्थानिक रोपाचे, त्याच्याशी हमखास गल्लत होणाऱ्या दुसऱ्या रोपाशेजारी ठेवलेले छायाचित्र आपण छापावे, ही विनंती.

आपला नम्र,
एक वाचक, कोल्हापूर