पाण्याचं एक उथळ भांडं

संपादक महोदय,

निसर्गात मन शांत होतं, हे सगळेच मान्य करतात. पण त्यासाठी रजा काढून लांब जावं लागतं, हा समजही तितकाच पक्का आहे. प्रत्यक्षात गच्चीत, बाल्कनीत किंवा दारापुढे पक्ष्यांसाठी पाण्याचं एक भांडं ठेवलं तरी सुरुवात होते. मात्र ते नीट ठेवलेलं हवं. बहुतेक ठिकाणी गडबड होते ती इथेच.

भांडं खोल नको. लहान पक्षी २-३ सेंटीमीटर पाण्यात पाय टेकून अंघोळ करतात. ५ सेंटीमीटरपेक्षा जास्त खोल पाण्यात उतरायला ते कचरतात. मातीचं पसरट, खरबरीत आणि उतरत्या काठाचं भांडं उत्तम. चिनी मातीच्या गुळगुळीत भांड्यात पाय घसरतात, धातूचं भांडं उन्हात तापतं. मध्ये एक-दोन दगड पाण्याबाहेर डोकावतील असे ठेवावेत, म्हणजे मधमाश्यांना बसून पाणी पिता येतं. नाहीतर त्या बुडतात. जवळच्या झुडपापासून २-३ मीटर अंतर असावं. त्याहून जवळ ठेवलं तर मांजर दबा धरून बसतं, फार लांब ठेवलं तर ओल्या पंखांनी पक्ष्याला आडोसा गाठता येत नाही.

पाणी रोज बदलावं, पण नुसतं ओतून देणं पुरेसं नाही. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची मादी पाण्याच्या रेषेलगत भांड्याच्या कडेला अंडी चिकटवते आणि ती कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकून राहतात. म्हणून कडा ब्रशने खसखसून घासाव्यात. साबण मात्र टाळावा. त्याचा अंश राहिला तर पिसांवरचं तेल निघून जातं आणि पिसं पाण्याने जड होतात.

जवळ मोठी खिडकी असेल तर काचेच्या बाहेरच्या बाजूला ५-५ सेंटीमीटरवर ठिपके लावावेत. काचेत उमटलेलं आकाश पक्ष्यांना खरं वाटतं आणि ते आदळतात. मधोमध एकच चित्र चिकटवून फारसा उपयोग होत नाही.

फुलपाखरं हवी असतील तर नुसती फुलझाडं पुरत नाहीत, अळ्यांना पानं लागतात. कुंडीतल्या लिंबावर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काही चिकटलेलं दिसलं, तर ती बहुधा लिंबावरच्या फुलपाखराची कोवळी अळी असते. पुढे ती हिरवी होते. पानं कुरतडलेली दिसताच औषध फवारणाऱ्यांच्या अंगणात फुलपाखरं येणार कुठून?

सुरुवातीचे काही दिवस भांड्याकडे कोणी फिरकत नाही, आणि कंटाळून ते उचललं जातं. तसं करू नये. जागाही बदलू नये. सूर्योदयानंतरच्या तासाभरात मोबाइल आत ठेवून तिथे १५-२० मिनिटं बसावं. आपल्या हालचालीने उडालेले पक्षी परतायला तेवढा वेळ लागतोच. आधी नुसते आवाज ऐकावेत, मग कोणता कुठून येतो ते शोधावं. या शोधात डोक्यातली कटकट आपोआप मागे पडते.

बागकामाच्या मजकुरात कुंड्या आणि खतांइतकीच जागा आपण या गोष्टींनाही द्यावी, ही विनंती.

– एक निसर्गनिरीक्षक