साहेब, कातडीचा रंग विचारू नका, मोजा

मा. आरोग्यमंत्री साहेब, महाराष्ट्र राज्य
सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापूरचा, नोकरी इचलकरंजीत, कापड रंगवणाऱ्या एका प्रोसेस हाऊसच्या लॅबमध्ये शेड मॅचिंगला. म्हणजे दिवसभर रंगच बघायचा. गेल्या महिन्यात आमच्या पेठेत त्वचा तपासणीचं शिबिर झालं, तिथलं एक काय डोक्यातनं जाईना म्हणून लिहितोय.

टेबलावर कॉलेजची एक पोरगी टॅब घेऊन बसलेली, माझ्या पुढं एक आजी. पोरीनं विचारलं, आजी वर्ण कुठला, गोरा, गव्हाळ, सावळा, काळा? आजी म्हणाल्या, "गोरा लिव्ह." मागनं सून हळूच, "सावळा लिहा ओ." सगळी हसली. आजी तापल्या, जन्म उसाच्या रानात गेला, उन्हानं रापलोय मी, असं म्हणत पदर सारून दंडाची आतली बाजू पुढं केली, "हितं बघ की!" पोरीनं बिचारीनं मधला मार्ग काढला, गव्हाळवर टिक केलं आणि नंबर पुढं सरकला. माझ्या फॉर्मवर पण गव्हाळच, मला तर विचारलं पण नाही.

आता बघा, आजींचं बरोबर होतं. कातडीचा मूळ रंग मोजायचा तर संशोधक दंडाची आतलीच बाजू घेतात, तिथं ऊन लागत नाही म्हणून. पण तोंडी विचारलं की खरं कोण सांगणार? लग्नाच्या बायोडेट्यात आख्खा जिल्हा गोरा नाहीतर गव्हाळ असतोय, सावळं कोण नाहीच.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये मी आपला हातच स्पेक्ट्रोला, म्हणजे रंग आकड्यात मोजायच्या मशीनला, लावला. पहिलं रीडिंग उजळ आलं कारण दाबून धरला होता, दाबलं की रक्त बाजूला सरतं आणि कातडी फिकी दिसते. मग अलगद टेकवला. दंडाच्या आतल्या बाजूला एल ५५, बी १८. मनगटाच्या वर, बाहेरनं, एल ४३, बी १७. एल म्हणजे उजळपणा, बी म्हणजे पिवळेपणा, या दोन्हींवरनं एक कोन काढतात त्याला आयटीए म्हणतात, ५५ अंशाच्या वर अगदी गोरं, १० ते २८ रापलेलं, १० पासून उणे ३० पर्यंत तपकिरी, असे गट आहेत. माझा दंड साधारण १५, मनगट उणे २२. एकच माणूस, गट दोन! कापडात डेल्टा ई, म्हणजे दोन रंगांतल्या फरकाचा आकडा, १ च्या वर गेला तरी पार्टीचा, म्हणजे गिऱ्हाइकाचा, फोन येतो, हितं नुसत्या एलमध्येच १२ चा फरक.

त्या फॉर्मवर वर्णाच्या खाली 'स्किन टाइप' पण होता, तो पोरीनं वर्णावरनंच भरून टाकला. ही पद्धत फिट्झपॅट्रिक नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९७५ मध्ये काढली, गोऱ्या लोकांना उपचारात अतिनील किरणांचा डोस किती द्यायचा ते ठरवायला, आपल्यासारख्यांचे गट नंतर जोडले. त्यात प्रश्न रंगाचा नाहीच, उन्हात कातडी पोळते का रापते हा आहे. आता आमच्याकडं एप्रिलमध्ये कुणालाही विचारा उन्हात काय होतंय, तो म्हणणार अंग जळतंय. त्याचा अर्थ डॉक्टरांनी काय लावायचा? मशीन पण पोळण्याचं सांगत नाही, ते फक्त रंग सांगतं, हे मान्य. म्हणून दोन्ही वेगळं लिहायला पाहिजे, एकावरनं दुसरं भरायचं नाही.

तुम्ही म्हणाल एवढं काय बिघडतंय. कोविडमध्ये घरोघरी बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आलं ना, ते कातडीतनं प्रकाश पाठवूनच ऑक्सिजन सांगतं. २०२० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अमेरिकेतल्या पेशंटचा अभ्यास आला. मीटर ९२ ते ९६ टक्के दाखवत असताना रक्तात खरा आकडा ८८ च्या खाली, असं कृष्णवर्णीयांच्यात ११.७ टक्के वेळा झालं, गोऱ्यांच्यात ३.६ टक्के. आणि त्यात पण गंमत अशी की पेशंटचा वंश त्यांनी स्वतः सांगितलेला, रंग कुणी मोजलाच नव्हता. म्हणजे सावळेपणा किती वाढला की मीटर किती चुकतं, हे त्यावरनं नीट कळतच नाही. आपल्याकडं एकाच घरात चार रंगाची माणसं.

म्हणून साहेब, शिबिराच्या फॉर्मवरनं तो 'वर्ण' आधी काढा, त्यानं नुसती भांडणं लागतात. स्किन टाइप विचारायचाच तर प्रश्न आमच्या भाषेत विचारा, पोळून लाल होतंय का, साल निघतंय का, किती दिवस काळं राहतंय. प्रत्येक जिल्हा रुग्णालयाच्या त्वचा विभागात रंग मोजायचं एक हातातलं मशीन द्या, गावोगावी नको, ते महाग असतंय मला माहीत आहे, आणि कुठल्या जागेचं रीडिंग घेतलं ते कागदावर लिहायला लावा. सरकारी खरेदीत ऑक्सिमीटर घेताना गडद कातडीवर टेस्ट केल्याचा रिपोर्ट मागा, आमच्याकडं रिपोर्ट नसेल तर पार्टी चिंधी पण उचलत नाही.

आणि जमलं तर त्या आजींचा फॉर्म दुरुस्त करायला सांगा. परवा भाजी घेताना भेटल्या, अजून तापलेल्याच आहेत.

आपला,
एक शेड मॅचिंगवाला, कोल्हापूर