आई पळणार, बाबांची ड्यूटी

प्रिय आई-बाबा,

बाबा, फोनवर तुम्ही विचारलंत, "ती पळणार, मग मी तिथे करायचं काय? टाळ्या वाजवायच्या?" वाजवा की. पण त्याआधी तुमच्या वाट्याला एक गणित आहे आणि एक पिशवी. आई, तूही वाच. यातलं बरंचसं तुम्ही दोघांनी आदल्या दिवशीच ठरवून टाका. शर्यतीच्या सकाळी तुझं कशातच लक्ष नसेल.

आधी गणित. हाफ मॅरेथॉन २१.०९७५ किलोमीटरची. आईचा पेस, म्हणजे पळण्याचा वेग, किलोमीटरला ८ मिनिटं धरला तर १० किलोमीटरला १ तास २० मिनिटं आणि फिनिशला साधारण २ तास ४९ मिनिटं. पण मोठ्या शहराच्या शर्यतीत हजारो जण गटागटाने सोडतात, मागच्या गटांना स्टार्ट लाइन गाठायलाच १०-२० मिनिटं जातात. आईची वेळ सुरू होते ती बिबवरची (छातीवर लावायच्या नंबराच्या कागदावरची) चिप त्या लाइनवरच्या वेळ टिपणाऱ्या चटईवरून गेली की. म्हणजे सुटण्याची वेळ ६ ची असली आणि आईने लाइन ६.१२ ला ओलांडली, तर ती ७ किलोमीटरवर ७.०८ ला, १६ वर ८.२० ला आणि फिनिशला ९ च्या सुमारास. हे कागदावर लिहून खिशात ठेवा. शर्यतीच्या ॲपवरचा आईचा ठिपका चटया सोडल्या तर मधल्या रस्त्यात अंदाजानेच सरकतो, आणि गर्दीत नेटवर्क कोलमडलं की तोही नाही.

उभं राहायच्या जागा दोनच, ७ आणि १६ किलोमीटरच्या आसपास. तिसरीचा मोह नको: रस्ते बंद असतात, ओलांडायला ठरावीक जागाच असतात, आणि धावत तिथे पोचेपर्यंत ती निघून गेलेली असते. नकाशात रस्ता जाऊन परत येतो असा तुकडा शोधा, तिथे थोडं चालून दोन्ही जागा साधतात. ठरलेल्या वेळेच्या १५ मिनिटं आधी पोचा, आणि १६ व्या किलोमीटरवर उशीर झाला तर १५ मिनिटं तरी हलू नका. दमल्यावर पेस पडतोच.

बाजू आधीच ठरवा, आणि तीही आईच्या हिशेबाने: पळताना तिच्या उजव्या हाताला. नाहीतर तुमचं उजवं ते तिचं डावं व्हायचं. वाहत्या गर्दीत तुम्ही तिला शोधण्यापेक्षा एका जागी उभे असलेले तुम्ही तिला लवकर दिसाल. हातात भडक रंगाचं काहीतरी उंच धरा. आणि १६ ला "आता थोडंच राहिलं" म्हणू नका. ५ किलोमीटर म्हणजे अजून ४० मिनिटं असतात, आणि हे पळणाऱ्याला बरोबर ठाऊक असतं. नावाने हाक मारा, बास. सोबत चार पावलंही पळू नका. मागच्यांना अडथळा होतो.

आदल्या रात्रीचं काम बिबचं. टी-शर्ट अंगात घालूनच चार कोपऱ्यांना चार पिना लावा. पलंगावर पसरून लावलं की अंगात घातल्यावर बिब ताणतं किंवा फुगतं. मागे चिप असेल तर घडी घालू नका. बिबच्या मागे तुमचा फोन नंबर, आईचा रक्तगट, चालू औषधं लिहायला जागा असते, ती रिकामी सोडू नका. काखेत आणि मांड्यांना व्हॅसलीन. जेल (पळताना ताकदीसाठी घ्यायची गोड पुडी), बूट, मोजे सगळं सरावातलंच. नवीन बुटांनी फोड येतात, नवीन जेलने पोट बिघडतं. जेल पाण्याच्या टेबलाच्या थोडं आधी घ्यायचं, त्यावर साधं पाणी.

पिशवीत कोरडे कपडे, टॉवेल आणि सैल चपला. पाय सुजलेले असतात. भेटायची जागा फिनिश लाइन नको. मेडल, पाणी, सामान घेऊन बाहेर यायला तिला अर्धा तासही लागेल. दूरचा एखादा ठळक खांब किंवा फाटक ठरवा, फोन लागणार नाही असं गृहीत धरून.

भेटल्यावर लगेच बसवू नका. एकदम थांबलं की रक्त पायांत साचतं आणि भोवळ येते. १० मिनिटं हळूहळू चालू द्या. घाम वाळला की थंडी भरते, म्हणून आधी शर्ट बदलायला लावा. पाणी तहानेपुरतंच, आग्रह नको. अति पाण्याने रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखणं, उलट्या, बोलण्यात गोंधळ दिसला तर घरगुती उपाय न करता थेट मेडिकल तंबूत न्या. छातीत दुखलं तरी तेच, आणि हे आई, पळतानाही लागू: थांबायचं. बाबा, तुमच्या खिशातली आयबुप्रोफेन त्या दिवशी घरीच ठेवा. घाम गेलेल्या शरीरात तिचा मूत्रपिंडांवर ताण येतो.

पुढचे दोन दिवस आई जिना कठडा धरून, कदाचित पाठमोरी उतरेल. हसू नका. तिच्या घड्याळात अंतर २१.४ वगैरे दिसलं तर वाद घालू नका; रस्ता सगळ्यात जवळच्या रेषेने मोजलेला असतो आणि वळणांवर त्या रेषेवरून कोणीच पळत नाही.

निकाल आला की मला पाठवा. चिप टाइम हं, म्हणजे आईने लाइन ओलांडल्यापासूनचा; शर्यत सुटल्यापासूनचा गन टाइम नाही.

तुमचीच,
लेक