करारनोंदणी घरमालकाचीच जबाबदारी

घर भाड्याने घेताना घ्यायच्या काळजीविषयीचा आपल्या पुरवणीतील लेख वाचला. अनामत, पाणी, पार्किंग सगळे आले. कराराची नोंदणी मात्र एका ओळीत उरकली. कोपरखैरणे, घणसोलीत आजही ‘अकराच महिन्यांचा तर आहे, नोटरी पुरे’ असे एजंट बेधडक सांगतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९च्या कलम ५५नुसार, मुदत कितीही असो, लिव्ह अँड लायसन्स करार (घर ठरावीक काळ वापरू देण्याचा करार) लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती न केल्यास, वाद झाल्यावर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. म्हणजे चालढकलीचा फटका मालकालाही बसू शकतो, हे त्यांना कोणी सांगत नाही! अनामतीचा आकडा करारात हवाच आणि रक्कम बँकेतूनच द्यावी. रोखीचा हट्ट धरणाऱ्याचे घर सोडलेले बरे.

– एक भाडेकरू, घणसोली, नवी मुंबई